न शिकता चित्रे करते आहे. ती लोकांपुढे ठेवू का?

वाचकाचे पत्र (सारांश) : पत्र लिहिणाऱ्या भगिनी ५७ वर्षांच्या असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांचे पती एसटीत वाहक होते आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराने गेले. त्याला आता तीन वर्षे होत आली. पहिले वर्षभर बाईंची झोप उडाली होती, घराबाहेर पडणे बंद झाले होते, आणि डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. एकदा कपाट आवरताना पतीने हौसेने जपलेली जुन्या छपाईची तिकिटे हाती लागली आणि त्यांनी ती एका पुठ्ठ्यावर चिकटवली. पुढे त्यात खाकी गणवेशाचे तुकडे, रंगीत दोरे, जुन्या लग्नपत्रिका, पोस्टर कलर, शेवटच्या आजारपणातील ईसीजीची पट्टी असे एकेक येत गेले. आज घरात अशी तीसेक चित्रे आहेत. चित्रकलेचे शिक्षण काहीच नाही. शाळेतली एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिलेली नाही. कला महाविद्यालयात शिकलेला पुतण्या म्हणतो, ‘काकू, ही हस्तकला झाली, याला कला म्हणत नाहीत.’ पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘आई, तू बाबांना सोडायलाच तयार नाहीस.’ एका महिला मंडळाने महिला दिनाच्या प्रदर्शनाचे निमंत्रण दिले आहे, पण प्रत्येक चित्राखाली पतीनिधनाची हकिकत लिहावी अशी त्यांची इच्छा आहे. बरे वाटू लागल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी बाईंनी गोळ्या आपल्या मनाने थांबवल्या. गेल्या पंधरवड्यात मात्र पहाटे तीनला पुन्हा जाग येऊ लागली आहे. त्या विचारतात : मी स्वतःला कलाकार म्हणवून घ्यावे का? आधी रीतसर शिकावे का? प्रदर्शनाला होकार द्यावा का? आणि मुलाची समजूत कशी काढावी?

उत्तर :

ताई, तुमचे सगळेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण पत्रात तुम्ही जे ओघात लिहून पुढे गेलात, त्या गोळ्यांच्या आणि पहाटेच्या जागेच्या उल्लेखापाशी मी आधी थांबणार आहे. प्रदर्शनाचा विचार त्यानंतर.

चित्रे करताना बरे वाटते, हा तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याला अभ्यासाचाही आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि आजार टाळण्यापासून ते आजारपण सोसण्यापर्यंत अनेक बाबतींत कलेचा उपयोग होतो, असे त्यातून पुढे आले. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना पाऊण तास कागद, माती आणि कोलाजचे, म्हणजे तुकडे चिकटवून चित्र करण्याचे, साहित्य देऊन मनाला येईल ते करायला सांगितले. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते कमी झालेले आढळले, आणि ज्यांनी पूर्वी कधी चित्रे काढली होती व ज्यांनी काढली नव्हती, त्यांच्यात फरक दिसला नाही. तुमच्यासारख्या स्वतःच्या हाताने वाट काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट धीर देणारी आहे. पण याच अभ्यासात उरलेल्या चतुर्थांश लोकांचे कॉर्टिसॉल कमी झाले नाही, हेही तितकेच लक्षात ठेवायला हवे. कलेचा आधार मोठा असला तरी प्रत्येकाला, प्रत्येक दिवशी, तो पुरेलच असे नाही.

‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग रूढ करणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयाचे रुग्ण होते. १९३८ मध्ये आरोग्यधामात दाखल असताना ते अंथरुणातून चित्रे काढू लागले, पुढे शेजारच्या रुग्णांनाही त्यांनी या वाटेवर आणले आणि १९४२ मध्ये या कामाला ते नाव दिले. हे सारे आरोग्यधामातील उपचार चालू असताना, उपचारांच्या जोडीने घडले. चित्रे हाती आली म्हणून औषध सुटावे, असा दावा या क्षेत्रातील जबाबदार माणसे करत नाहीत. नैराश्यावरची औषधे कधी आणि किती हळूहळू कमी करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. अचानक थांबवल्यास त्रास होऊ शकतो, आणि बरे वाटण्यात औषधाचा वाटा किती होता हे आपले आपल्याला कळत नाही. पहाटेची जाग ही जुने दुखणे परतत असल्याची खूण असू शकते. तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, गोळ्या दोन महिन्यांपासून बंद आहेत हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्या आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. तोवर मन फारच खचले, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.

आता चित्रांविषयी. ‘या चित्रांनी मला वाचवले’ असे तुम्ही लिहिता. वाचवले म्हणजे नेमके काय केले, याचा विचार तुम्ही करावा असे मला वाटते, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. एका चित्राचे वर्णन तुम्ही बारकाईने केले आहे : ईसीजीची पट्टी जिथे संपते, तिथून काळ्या दोऱ्याने धावदोरा घालत तुम्ही ती रेघ पुढे नेली, तिकिटांच्या रांगांमधून वळवली आणि पुठ्ठ्याच्या कडेला नेऊन सोडली. ती पट्टी पालथी लावायची की उताणी, हे ठरवण्यातच एक आठवडा गेला, असेही तुम्ही म्हणता. मला तो आठवडा फार मोलाचा वाटतो. दवाखान्यात त्या शेवटच्या दिवसांत जे जे घडले, त्यातले काहीही तुमच्या हाती नव्हते. तुमच्यावर केवळ येऊन आदळत होते. पुठ्ठ्यावर तीच पट्टी आली तेव्हा ती कुठे ठेवायची, किती कापायची, झाकायची की दाखवायची, हे ठरवणाऱ्या तुम्ही होतात. आठवण तीच राहिली, पण तिच्यासमोर तुमची जागा बदलली. दुःख हाताळता येण्याजोगे झाले, ते असे.

याच बाबतीत मला इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंचे उदाहरण सांगावेसे वाटते. १७६८ मध्ये त्यांचे दुसरे पती वारले. त्यानंतर काही वर्षांनी, १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी रंगीत कागदांचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडे चिकटवायला सुरुवात केली. काही ठिकाणी त्यांनी झाडाची खरी पानेही कागदाशेजारी लावली आहेत. पुढच्या दहा वर्षांत, दृष्टी साथ सोडेपर्यंत, त्यांनी अशी सुमारे एक हजार चित्रे केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे काम त्या कोणाकडे शिकल्या नव्हत्या. पण त्याआधी आयुष्यभर त्यांनी भरतकाम केले होते आणि शिंपल्यांची सजावट केली होती, त्यामुळे हाताला बारकाव्याची सवय होती. काम सुरू झाले तेव्हा त्या एका जिवलग मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला होत्या, हेही विसरू नये. त्या एकट्या पडलेल्या नव्हत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या चित्रांत पती कुठेच नाहीत. आहेत ती फुले, पाकळ्यांच्या शिरा, देठावरची लव. मन सावरण्यासाठी दुःखाचेच चित्र काढावे लागते, असे नाही. समोरच्या वस्तूकडे तासन्‌तास एकाग्रतेने पाहणे, तेही पुरे पडू शकते.

म्हणून मुलाच्या बोलण्याकडे मी थोडे वेगळे पाहते. तो तुमच्या चित्रांच्या विरोधात आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पण ज्या गणवेशाचे तुम्ही तुकडे केलेत, तो त्याच्या वडिलांचाही होता. लहानपणी बाबा ड्यूटीवरून आले की त्याने तो गणवेश खुंटीला अडकवलेला पाहिला असेल. आज तो सुटीत घरी येतो आणि त्याची बाही भिंतीवरच्या चित्रात शिवलेली दिसते. त्याला कोणी विचारले नव्हते. ‘तू बाबांना सोडायला तयार नाहीस’ या वाक्याच्या मागे ‘मला माझे बाबा नीट आठवायला जागा उरली नाही’ असेही काही असू शकेल. असेलच असे मी म्हणत नाही, पण त्याची समजूत काढण्याआधी त्याला विचारून पाहा. घरात राहिलेल्या वस्तूंपैकी कोणत्या त्याला हव्या आहेत, हे त्याने निवडावे. तिकिटाचा चिमटा, बिल्ला, गणवेशाचा राहिलेला शर्ट, जे मागेल ते त्याला अखंड द्या, आणि यापुढे अशी कोणतीही वस्तू कापण्यापूर्वी त्याच्या कानावर घाला.

त्याच्या बोलण्यात एक काळजीही आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. शोकाला मुदत नसते, हे खरे. तरी वर्ष उलटून गेल्यावरही माणूस रोजच्या व्यवहारातून उठूनच गेला असेल, तर त्याला मदतीची गरज आहे असे मनोविकारतज्ज्ञ मानतात, आणि दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची नोंद आता त्यांच्या वर्गीकरणात स्वतंत्रपणे केलेली आहे. तुमच्या बाबतीत मी काही साधे प्रश्न विचारीन. चित्राला बसून उठल्यावर तुम्हाला जेवावेसे, कोणाशी बोलावेसे, बाजारात जावेसे वाटते, की अंथरुणात शिरावेसे वाटते? नव्या चित्रांत एखादी अशी वस्तू येते का, जिचा त्यांच्याशी संबंध नाही? एखाद्या दिवशी चित्र झाले नाही, तर चुटपूट लागते की भीती वाटते? पहिल्या तऱ्हेची उत्तरे येत असतील, तर मुलाला निश्चिंत राहायला सांगा. दुसऱ्या तऱ्हेची येत असतील, तर ती डॉक्टरांना सांगा. दरम्यान एक चित्र मुद्दाम वेगळे करून पाहा : अंगणातली जास्वंद, शेजारणीची साडी, आठवडी बाजार, काहीही चालेल; फक्त त्यात तिकीट नको.

पुतण्याच्या म्हणण्याकडे येते. हस्तकला खालची आणि कला वरची, ही उतरंड त्याने महाविद्यालयात शिकली असेल, पण खुद्द कलेच्या जगात ती केव्हाच ढासळली आहे. पिकासोने १९१२ मध्ये चित्रात मेणकापड चिकटवले आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीतील कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची टाकून दिलेली तिकिटे, वेष्टने, वर्तमानपत्रांचे कपटे यांतून आपली कितीतरी चित्रे उभी केली. तुमच्या तिकिटांना इतके जुने भाईबंद आहेत, हे तुमचा पुतण्या जाणत असणार. आणि युरोपपर्यंत तरी कशाला जायचे? तुमच्या भागात ज्या वाकळी शिवल्या जातात, त्यांत घरातल्या गेलेल्या माणसांची लुगडी आणि धोतरे थरांनी लावून, वरून धावदोरा घालून पुन्हा वापरात आणण्याचे काम बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्या ईसीजीपासून पुढे निघालेला तुमचा टाका याच परंपरेतला आहे. तो तुम्ही आईकडून किंवा आजीकडून उचलला असेल, तर तुम्ही काहीच शिकलेल्या नाहीत हे म्हणणे बरोबर ठरत नाही.

महाविद्यालयाच्या बाहेरून आलेल्या माणसांनी आपल्या देशात केवढे काम केले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. चंदीगडचे नेकचंद रस्त्यांच्या कामावरचे सरकारी निरीक्षक होते. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतून आलेल्या फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांतून त्यांनी सरकारी जंगलात वर्षानुवर्षे गुपचूप मूर्ती घडवल्या. १९७६ मध्ये ते ‘रॉक गार्डन’ लोकांसाठी खुले झाले. रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रे हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून सुरू झाली आणि त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढूनच इतरांशी संवाद साधू लागले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वारली समाजात लग्नाचे चौक, म्हणजे भिंतीवरची चौकोनी चित्रे, बायका लिहीत. मशे यांनी ती चित्रलिपी लग्नाच्या भिंतीवरून रोजच्या जगण्यात आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही नावे मी तुम्हाला त्यांच्या रांगेत बसवण्यासाठी घेत नाही. पदवीची अट या माणसांना कोणी घातली नाही, तर ती तुम्ही स्वतःला का घालावी, एवढेच मला म्हणायचे आहे. कलाकार म्हणवून घ्यायचे की नाही, याला माझे उत्तर ‘खुशाल म्हणवून घ्या’ असे आहे. त्यावर अधिक वेळ घालवू नका.

मात्र पुतण्याकडून एक गोष्ट जरूर शिकून घ्या, आणि ती म्हणजे साहित्याचे ज्ञान. इथे मला खरोखर काळजी वाटते. ईसीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते. उजेड, उष्णता आणि काही प्रकारचे गोंद यांमुळे ती काही वर्षांत फिकी पडत जाऊन कोरी होऊ शकते. तिकीट यंत्रातून निघणाऱ्या अलीकडच्या तिकिटांचेही तेच. तेव्हा आजच त्या चित्राचा चांगला फोटो काढून घ्या. यापुढे अशी मूळ पट्टी चित्रात लावू नका; तिची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ती लावा आणि मूळ प्रत कागदी पाकिटात, अंधारात, प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता ठेवा. पत्रांचे आणि जुन्या फोटोंचेही तसेच करा. साधा पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो पिवळा पडतो आणि चिकटवलेल्या वस्तूलाही पिवळे करतो. म्हणून आम्लमुक्त माउंट बोर्ड, म्हणजे चित्र बसवण्यासाठीचा जाड पुठ्ठा, वापरा. फेविकॉल एकदा वाळला की वस्तू न फाडता सुटत नाही, म्हणून जे पुढे कधी काढावेसे वाटेल ते चिकटवण्यापेक्षा टाक्याने बसवा, आणि तुमचा टाका चांगला आहेच. पीठ शिजवून केलेली खळ वापरत असाल तर तिला कसर आणि झुरळे लागतात. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी ठेवून अंतर सोडायला सांगा. नाहीतर तुमच्याकडच्या पावसाळ्यात आत बुरशी धरेल. बाहेरच्या ओल्या भिंतीवरही चित्रे टांगू नका.

तेव्हा शिकायचे असेल तर वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम तूर्त नको, असे माझे मत आहे. हाती आलेल्या वस्तूंवरून स्वतःच्या अंदाजाने चालण्याची तुमची जी रीत बसली आहे, तिला इतक्यात दुसऱ्याच्या स्वाध्यायांच्या दावणीला बांधू नये. त्याऐवजी एखाद्या जुन्या बाइंडिंगवाल्याकडे आणि फ्रेमवाल्याकडे बसून काम पाहा. कोल्हापूर तुम्हाला दूर नाही. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात प्रदर्शने भरत असतात, ती पुतण्याला बरोबर घेऊन पाहा. एखाद्या चित्रापुढे तो काय बोलतो ते ऐका आणि तुम्हाला काय दिसले ते त्याला सांगा. दोघांचाही फायदा होईल.

राहिले प्रदर्शन. होकार द्या, पण हकिकतीच्या अटीवर नको. मंडळाच्या हेतूविषयी मला शंका नाही. दुःखातून उभ्या राहिलेल्या बाईची गोष्ट लोकांना भिडते, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक चित्राखाली मृत्यूची हकिकत लावली की लोक ती आधी वाचतील, हळहळतील आणि चित्र पाहायचे राहून जाईल. शिवाय तीच गोष्ट दिवसभर अनोळखी माणसांना सांगत राहणे तुमच्या आजच्या झोपेला झेपणारे नाही. दालनांतून चित्राखाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार एवढेच लिहिण्याची रीत आहे. तुमच्या बाबतीत ‘एसटीची तिकिटे, खाकी कापड, दोरा, माउंट बोर्ड’ ही माध्यमाची ओळच पाहणाऱ्याला पुष्कळ सांगून जाईल. मंडळाला अगदीच हवे असेल, तर दाराशी तुमच्याच शब्दांत चारपाच ओळींचा एक फलक लावू द्या, आणि छापण्यापूर्वी तो मुलाला वाचून दाखवा, कारण त्यात त्याचेही वडील आहेत.

तीसच्या तीस चित्रे मांडू नका. सातआठ निवडा, आणि जी लोकांनी हाताळलेली तुम्हाला सोसणार नाहीत ती घरीच राहू द्या. ‘कसे गेले हो ते?’ असे विचारणारे भेटतीलच. त्यासाठी ‘आज चित्रांविषयी बोलू या’ असे एखादे वाक्य आधीच तयार ठेवा आणि एखाद्या मैत्रिणीला जवळ बसवून घ्या. डॉक्टरांनी तूर्त दगदग नको असे सांगितले, तर मंडळाला पुढच्या वर्षीचे आश्वासन द्या. चित्रे कुठे जाणार नाहीत.

चित्र विकले तर त्यांच्या आठवणी विकल्यासारखे होईल का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारता. जे चित्र कोणी नेले तर तुम्हाला रात्री झोप लागणार नाही, त्याखाली ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावा. प्रदर्शनांत ती सर्रास असते आणि कोणी वाईट मानत नाही. बाकीच्यांची किंमत ठरवताना साहित्य आणि फ्रेम यांचा खर्च धरा, त्यात लागलेल्या तासांचा मोबदला मिळवा, आणि ओळखीच्यांनी भीड घातली तरी खर्चाच्या खाली उतरू नका. मंडळ विक्रीतून काही हिस्सा घेणार असेल तर तो किती, आणि चित्रांचे फोटो ते कुठे वापरणार, हे होकार कळवण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.